उघडताना येणारं नाव

लग्नपत्रिकेच्या अगदी तळाला, कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. पत्रिका कोणी तयार केली त्या दुकानाचं नाव आणि गाव. ती ओळ कोणी वाचत नाही. वाचतो तो फक्त पत्रिका तयार करणारा दुसरा दुकानदार. माझ्या हातात पत्रिका पडली की नवरी कोण, नवरा कोण, मुहूर्त कधीचा, हे सगळं नंतर. आधी मी ती ओळ बघते, आणि तिथं आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या कोणाचं नाव दिसलं की माझा तो दिवस वाया जातो. घरातले सगळे याला जळकेपणा म्हणतात. मी लक्ष असणं म्हणते.

नांदेडला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बारसं, तेरावं, माणसाच्या जन्मापासून सगळं माझ्याकडे टाइप होतं. दुकानाला नाव माझंच आहे. नवऱ्याने एका देवाचं नाव सुचवलं होतं. मी म्हटलं, देवाला काही कमी दुकानं नाहीत. नवरा कॉलेजात नोकरीला. दुकानातलं त्याला काही कळत नाही, पण इंटरनेटचं बिल, कंपन्यांचे पासवर्ड, मोबाइलवर येणारे आकडे ही सगळी भानगड त्याच्याकडे सोपवलेली होती. मला त्या आकड्यांचा वीट येतो. ही सोपवणूक पुढे मला चांगलीच भोवली.

आमच्या गल्लीत पत्रिकेचं मराठी सॉफ्टवेअर विकत घेतलेलं फक्त मीच. बाकी सगळ्यांकडे कॉपी केलेलं. मी भिशी उचलली आणि खोक्यासकट, पावतीसकट घेतलं. तेव्हा त्याला किल्ली यायची. अंगठ्याएवढा लाल तुकडा, तो संगणकाला लावला तरच सॉफ्टवेअर उघडायचं. संध्याकाळी दुकान बंद करताना मी तो काढून कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायची आणि कमरेला खोचून घरी न्यायची. चालताना खुळखुळ वाजायचा. गल्लीतल्या बाकीच्यांनी तो ऐकावा अशी माझी इच्छा असायची, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आणि सॉफ्टवेअर उघडताना पहिल्यांदा यायचं ते माझं नाव. निळ्या चौकटीत, पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत: हे सॉफ्टवेअर अमुक यांच्या मालकीचं आहे. घराच्या उताऱ्यावर नवरा, रेशनकार्डावर नवरा, गॅसच्या पुस्तकावर सासरे. मालक म्हणून माझं नाव असलेली ही एकच जागा. कधीकधी समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना मी उगीच सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायची.

मग कंपनीने किल्ली बंद केली. आता म्हणे सगळं ऑनलाइन. नंबर टाकायचा, मोबाइलवर आकडा येतो, तो टाकायचा, मग कंपनीचा संगणक तिकडून हो म्हणतो. एवढ्यावर भागत नाही. मधूनमधून ते पुन्हा विचारतं, मालक तुम्हीच ना? इंटरनेट नसलं की संपलं. आमच्या रस्त्यावर कधी पाण्यासाठी, कधी गटारीसाठी खोदकाम चालू असतं आणि प्रत्येक वेळी केबल तुटते. गिऱ्हाईक समोर पंख्याखाली बसलेलं, नवरीचा बाप घाम पुसतोय, आणि मी माझ्याच दुकानात माझी ओळख पटवत बसलेली. सात फेरे घेऊन आलेल्या बायकोला रोज उंबऱ्यावर अडवून लग्नाचा फोटो मागावा, तसला हा प्रकार. आणि ज्यांनी चोरून आणलं, ते मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात. त्यांना कोणी काही विचारत नाही.

शेजारच्या बाइंडिंगवाल्या चाचांकडे मी हे गाऱ्हाणं रोज गायची. त्यांच्या घराण्याची दोन-तीन पिढ्यांपासून पुस्तकं बांधायची कामं. ते डिंकाचा ब्रश न थांबवता म्हणायचे, “ताला शरीफां के वास्ते रैता भाभी. चोरां कू क्या ताला?” आमच्या धंद्यातल्या लोकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, तिथेही मी कंपनीविरुद्ध लांबलचक लिहायची. विकत घेतलेल्या माणसावरच पहारा का, असं. त्यावर चोरीचं वापरणारे हसण्याची चित्रं टाकायचे. कोणीतरी लिहायचं, ताई, आमच्याकडचं घ्या की, फुकट हाय अन् गुमान चालतंय.

पण गल्लीतल्यांवर मी जळायची ते वरवरचं. माझा खरा जाळ होता लातूरला. माझी धाकटी जाऊ.

ती किल्लारीकडची, भूकंपाच्या भागातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला संगणक चालू कुठून करतात ते ठाऊक नव्हतं. दिवाळीला सगळे नांदेडला जमायचे, तेव्हा माझ्या दुकानात माझ्याच शेजारी स्टुलावर बसून ती टायपिंग शिकली. मीच शिकवलं. कौतुकाने शिकवलं, कारण तेव्हा ती माझ्यापेक्षा हळू होती. पुढे तिने लातूरला क्लासेसच्या भागात दुकान टाकलं. तिथे काय, पोरांचा समुद्र. क्लासवाल्यांच्या टेस्टचे पेपर, नोट्स, वर लग्नसराईत पत्रिका. बघता बघता तिच्याकडे दुसरा संगणक, एसी, काचेचं दार. काचेच्या दारावर तिचं नाव. “किल्लारीकडची माणसं रडत बसत नाहीत” हे वाक्य आमच्या घरात सासऱ्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की ते कानावर आलं की मला रडू यायचं.

यातलं सगळं मी गिळलं असतं. पण तिचं सॉफ्टवेअर तिला कधी काही विचारायचं नाही. तेच सॉफ्टवेअर, माझ्याच कंपनीचं. मी लातूरला गेले की बघायची: ना नंबर, ना आकडा, ना मालक तुम्हीच का. मी जाईन तेव्हा ते आधीच उघडलेलं असायचं आणि मी निघेपर्यंत ती ते बंद करायची नाही. एकदा विचारलं, “कुठून आणलंस गं?” ती म्हणाली, “यांनी टाकून घेतलं.” म्हणजे माझ्या दिराने. मी समजायचं ते समजले. चोरीचंच. माझ्याकडे पावती आणि त्रास, तिच्याकडे चोरी आणि एसी.

गेल्या उन्हाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद कंधारला दिलेली. दोन भावांची एकुलती बहीण, आणि तिच्या घरचं हे पहिलंच कार्य. पत्रिका कोण करणार यावरून कोणी काही बोललं नाही, आणि आमच्याकडे कोणी काही बोलत नाही तेव्हाच खरं भांडण चालू असतं. दोन्ही मामी पत्रिकावाल्या. नणंदेने फोन केला आणि म्हणाली, “वैनी, लातूरची म्हनली मी करते म्हनून. तिच्याकडं नव्या नव्या डिझाइना हायत म्हने. मी म्हनलं, दोघी मिळून ठरवा बाई.”

मी तिथल्या तिथे ठरवलं. “थोरल्या मामीचा मान आहे वन्सं. पत्रिका नांदेडची होईल.”

मला काय पाहिजे होतं ते अगदी सरळ सांगते. ही पत्रिका लोह्यापासून लातूरपर्यंत आमच्या सगळ्या गोतावळ्यात जाणार होती. पहिली देवापुढे, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून. तिच्या तळाच्या त्या बारीक ओळीत लातूरचं नाव येऊ द्यायचं नव्हतं. आलं असतं, तर घरात थोरली कोण हे कायमचं ठरलं असतं.

मी जीव ओतून पत्रिका केली. आमच्याकडची पत्रिका म्हणजे सोपं काम नव्हे. नवरानवरी एका कोपऱ्यात, बाकी सगळी नावं. काका, मामा, आत्या, मावश्या, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, शेवटी पोराटोरांची किलबिल. एक नाव राहिलं तर एक घर लग्नाला येत नाही. दोन नावं खालीवर झाली तर दोन घरं येतात, पण जेवत नाहीत. नणंदेच्या सासरकडून नावं येतच होती. निम्मं काम झालं होतं, आणि दुपारी लाइट कमीजास्त झाली. पंखा एकदम जोरात फिरला, संगणकातून जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

दुरुस्तीवाल्याने आतला बोर्ड बदलून दिला. फाइल पेनड्राइव्हवर होती, ती सुखरूप. पण सॉफ्टवेअरच्या लेखी संगणक आता परका होता. मी नंबर टाकला. उत्तर आलं, या नंबरावर दोन संगणक चालतात आणि त्या दोन्ही जागा भरलेल्या आहेत.

दोन? माझ्याकडे एकच होता.

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली, पुण्याकडची, गोड आवाजाची. ती म्हणाली, “मॅडम, आपली दोन्ही मशीन्स आम्हाला दिसत आहेत. एका मशीनवरून नोंदणी काढून टाकलीत की नवीन मशीन लगेच सुरू होईल.”

“अहो ताई, एक मशीन जळालं. जळालेल्या मशीनवरून काय काढू? राख?”

“मग दुसऱ्यावरून काढा ना मॅडम.”

“दुसरं नाहीच माझ्याकडे.”

“आम्हाला दिसतंय मॅडम. कालसुद्धा सुरू होतं.”

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, “मी पैसे मोजून घेतलं म्हणून तुम्ही मलाच खोटी ठरवता का? इथे अख्खी गल्ली चोरीचं वापरते, त्यांना विचारा की. लातूरला माझी सख्खी जाऊ चोरीचं वापरते, बिनघोर. तिला नाही तुम्ही कधी फोन करत!” ती मुलगी शांतपणे म्हणाली की ती माझी तक्रार नोंदवून घेते. मी तिला म्हटलं, तुमच्या डोळ्यांची तक्रार पण नोंदवून घ्या. फोन ठेवल्यावर चाचा नुसते माझ्याकडे बघून मान हलवत होते. संध्याकाळी हे सगळं मी नवऱ्याला तावातावाने सांगितलं. तो वरण ओरपत ऐकत होता. “कंपन्या तशाच असतेत,” एवढंच म्हणाला आणि भात मागितला.

नणंदेचे फोन सुरू झाले. छापखानेवाला तारीख देईना. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये माझी फाइल उघडेना. उघडलीच तर ‘श्री गणेशाय नमः’चा चुराडा झालेला दिसायचा. गल्लीतल्या चोरीवाल्यांकडे जाऊन हात पसरायची माझी तयारी नव्हती. ग्रुपवर इतकं लिहिल्यावर कुठल्या तोंडाने जाणार? शेवटी नवराच म्हणाला, “लातूरला जाऊन ये की. घरचंच हाय.” तो इतक्या पटकन म्हणाला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लोहा, अहमदपूर करत एसटी लातूरला पोचेपर्यंत मी मनात एकच गोष्ट घोकत होते. काम तिच्याकडे झालं तरी ओळ माझीच.

जावेने काचेचं दार उघडलं. “या अक्का. लई ऊन हाय बाहेर. बसा, पाणी घ्या.” मला तिने आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. सॉफ्टवेअर नेहमीसारखं उघडलेलं होतंच. एसी चालू होता. भिंतीवर देवीचा फोटो, खाली उदबत्ती. मी डोळ्यांनी सगळं मोजून घेतलं. नवा प्रिंटर आला होता. खुर्चीसुद्धा माझ्यापेक्षा चांगली, पाठीला टेकणारी.

“उद्याच्या टेस्टचा पेपर करायचाय एका क्लासचा,” ती म्हणाली, “पन ते हुईल नंतर. आधी आपल्या पोरीची पत्रिका.”

काम चांगलं चाललं. तिचा हात आता माझ्यापेक्षा भराभर चालतो, ते मी तिला बोलून दाखवलं नाही. मामा-मामींच्या जागी मी आमचं जोडीचं नाव वर आणि तिचं खाली टाकलं. तसंच टाकायचं असतं, थोरला वर. तिने वाचलं आणि “हाव” म्हणाली. मी सगळं सेव्ह केलं, आणि लाइट गेली.

इन्व्हर्टर पंख्यापुरता होता. संगणक बंद पडला. आम्ही दोघी चहा पीत बसलो. मी म्हणाले, बघ, तुझं मशीन जळायचं. ती सारखी वळून त्या काळ्या पडद्याकडे बघत होती. लाइट आल्यावर ती घाईने उठली आणि म्हणाली, “अक्का, तुमी जरा देवीच्या देवळात जाऊन या की, जवळच हाय. तवर मी लावून ठेवते.” मी म्हटलं, “देवीला मी एसटीतूनच हात जोडले,” आणि स्वतःच बटण दाबलं.

संगणक सुरू झाला. सॉफ्टवेअर उघडायला लागलं. निळी चौकट आली. चौकटीत पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत माझं नाव आलं. माझं दुकान. नांदेड.

मला आधी वाटलं, माझ्या पेनड्राइव्हमुळे आलं असेल. असा वेडगळ विचार येतो अशा वेळी. मग मी जावेकडे पाहिलं. ती स्टुलाला धरून उभी होती.

“मी सांगनार व्हते अक्का,” ती म्हणाली. “दादांनी नको म्हनलं.”

दादा म्हणजे माझा नवरा. दुकान टाकलं तेव्हा दिराने त्याला विचारलं होतं, वहिनीचं सॉफ्टवेअर मिळेल का. त्याने माझ्या खोक्यावरचा नंबर दिला, आपल्या मोबाइलवर आलेला आकडा दिला, आणि माझ्या नंबरावरची दुसरी जागा लातूरला जाऊन बसली. मधूनमधून ते मालक कोण विचारायचं, तेव्हाही आकडा तोच फोनवरून कळवायचा. म्हणजे कंपनीच्या पोरीला दिसत होतं ते खरं होतं. मी राख काढू का म्हणून तिला बोलले, ती बिचारी बरोबर होती. जिला मी चोर म्हणत होते तिच्याकडे चोरीचं नव्हतंच. माझं होतं. मी इतके दिवस माझ्याच मालावर जळत होते.

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. “अहो, तुम्ही दिलंत?”

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. “दोन मशीनला चालतंय म्हने ते. एक जागा रिकामीच व्हती. रिकामी ठेवून तिचं काय लोनचं घालायचं व्हतं का?”

“मला का नाही विचारलं?”

“इचारलं असतं तर दिलं असतंस का?”

“नसतं दिलं.”

“म्हनून,” तो म्हणाला.

सॉफ्टवेअर दिल्याचं मला एवढं लागलं नाही. मला लागलं ते हे, की मी जेवताना रोज तिच्या नावाने बोटं मोडायची, आणि हा समोर बसून, सगळं माहीत असून, भात मागायचा. आणि ते तिघं मिळून माझ्यापासून एक गोष्ट सांभाळत होते. आमच्या संसारात त्याने माझ्यासाठी अशी एकही गोष्ट कोणापासून लपवून केलेली मला आठवत नाही. साधी साडीसुद्धा नाही. मत्सर कसा असतो ते आपल्याला माहीत आहे, असं मला तोवर वाटत होतं.

जाऊ स्टुलावर बसली होती. ती खाली बघत म्हणाली, “तुमास्नी वाटतंय मी लई मजेत हाय. दुकान माझं, दारावर नाव माझं, अन् रोज सकाळी उघडलं की नाव तुमचं. गिऱ्हाईक समोर असतंय. इचारतंय, ह्या कोन? मी म्हनते आमच्या अक्का. तर म्हनतंय, आसं, मालकीन त्या अन् तुमी कामाला व्हय. काय सांगू? हाव म्हनते. एकदा पुसायला गेले तुमचं नाव. लई खटपट केली. पुसत न्हाई ते.”

खोटं कशाला लिहू? मला आतून गार वाटलं. इतकी वर्षं मी एसटीने येऊन तिचा एसी बघून जळत गेले, आणि ती इथे रोज सकाळी उदबत्ती लावून माझं नाव बघत जळत होती. आमच्या दोघींत पहिल्यांदाच काहीतरी सारखं निघालं. पण ती माझ्यावर जळते हे कळल्यावर तिच्यावरची माझी जळजळ मात्र कमी झाली नाही.

मी पत्रिका पुरी केली. किलबिल टाकली, आहेर आणू नये टाकलं. मग तळाच्या कोपऱ्यात जाऊन बारीक अक्षरांत माझ्या दुकानाचं नाव टाइप केलं आणि पुढे नांदेड. तिने वाकून वाचलं. “बरोबर हाय,” म्हणाली. फाइल छापखान्याच्या कामाची करून पेनड्राइव्हवर घेतली.

आता उठायला हरकत नव्हती. मी उठले नाही. सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात, पुण्याच्या पोरीने सांगितलं होतं तिथे, ते बटण होतं: या संगणकावरून नोंदणी काढा. ते दाबलं की तिची जागा मोकळी होणार होती आणि माझं दुकान सुरू. ऐन लग्नसराईत माझं दुकान बंद होतं, कितीतरी पत्रिका अडकल्या होत्या. माल माझा होता, पावती माझ्याकडे होती. ही कारणं तेव्हाही खरी होती आणि आजही आहेत. पण बटणावर हात गेला तेव्हा माझ्या मनात त्यातलं एकही नव्हतं. माझ्या मनात पाठीला टेकणारी खुर्ची होती आणि भात मागणारा नवरा होता.

“काढा की अक्का,” ती म्हणाली. “तुमचंच हाय.”

उद्याच्या टेस्टचा पेपर मला आठवत होता. तरी मी दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की का? मी नक्की म्हणाले. चौकट मिटली. जावेने मला एसटी स्टँडपर्यंत सोडलं, वाटेत पोरांसाठी बिस्किटाचे पुडे घेऊन माझ्या पिशवीत टाकले. टेस्टबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

नांदेडला माझं दुकान झटक्यात सुरू झालं. नवऱ्याशी मी लग्नापर्यंत कामापुरतंच बोलले. त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. कंधारच्या मांडवात पत्रिकेचं कौतुक झालं. माझी बारीक ओळ अर्थातच कोणी वाचली नाही. चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतकी ती बारीक असते. पण जाऊ मांडवभर फिरून सांगत होती, “पत्रिका अक्कांनी केली, आमच्या थोरल्या अक्कांनी.” नणंदेने माझा हात धरला आणि म्हणाली, “वैनी, लई भारी झाली बघा पत्रिका. धाकटी तर तुमचं नुसतं कौतुक करून राहिली.” म्हणजे मला पाहिजे होता तो मानही मला तिच्याच हातून मिळाला. जेवणाच्या पंगतीत मी तिच्या शेजारी बसायचं टाळलं.

लग्न पार पडलं आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावर पुन्हा खोदकाम निघालं. केबल तुटली. समोर एक नवरीचा बाप बसलेला, यादी हातात धरून. माझ्या सॉफ्टवेअरने विचारलं, मालक तुम्हीच ना? मी मोबाइलचं इंटरनेट जोडायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात जावेचा व्हॉट्सअॅप आला.

फोटो होता, तिच्या संगणकाचा. तिने कोणाकडून तरी चोरीचं टाकून घेतलं होतं. खरोखरचं, या खेपेला. त्यात म्हणे उघडताना कोणाचं नाव यावं ते आपलं आपण टाकता येतं. निळी चौकट तीच, पांढरी अक्षरं तीच, आणि चौकटीत तिचं नाव. खाली लिहिलं होतं: अक्का, बघा, आता माझं येतंय. अन् कायबी इचारत न्हाई.

तिने हे मला डिवचायला पाठवलेलं नव्हतं. दुसऱ्या कोणाला ते कळलं नसतं, म्हणून मला पाठवलं. मी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. तिच्या नावाची अक्षरं माझ्या नावापेक्षा मोठी होती. नवरीचा बाप म्हणाला, “ताई, हुईल का आज?” मी समोर पाहिलं. माझं मशीन अजून मी कोण ते विचारत होतं.